पांढरा कुडा आणि त्याचे तोतये

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात जाऊन इंद्रजव मागितले, तर गल्ल्यावरचा माणूस हमखास विचारतो, “कडू देऊ की गोड?” ज्याला वैद्यांनी नुसतं ‘इंद्रजव’ एवढंच सांगितलेलं असतं तो इथे अडखळतो. दोन्ही बिया बारीक, लांबट, जवासारख्या. पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळत नाही. पण त्या दोन वेगळ्या झाडांच्या आहेत. कडू इंद्रजव पांढऱ्या कुड्याचे, गोड इंद्रजव काळ्या कुड्याचे. जुलाब आणि आमांशावरचं औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जे नाव घेतलं जातं ते पहिल्याचं. दुसऱ्याने ती कीर्ती बराच काळ आयती भोगली.

पानिपतानंतर पेशवाईला भाऊसाहेबांच्या तोतयाने बरीच वर्षं छळलं. कुड्याच्या नशिबी एकाहून अधिक तोतये आले, आणि ते एकेक करून ओळखू येईपर्यंत चारशे वर्षं गेली. हे झाड खरोखर गुणकारी आहे का, या प्रश्नाचं सरळ उत्तर आजही मिळत नाही, त्याचं निम्मं कारण या तोतयांत आहे.

आधी खरा कुडा पाहू. कोकणात, घाटमाथ्यावर, मेळघाटात, गडचिरोलीत, जिथे म्हणून पानगळीचं जंगल किंवा त्याचे अवशेष आहेत तिथे हा सापडतो. बहुतेक ठिकाणी तो डोक्याच्या थोडा वर जाणारा झुडूपवजा असतो. कुऱ्हाड लागली नाही तर ८-१० मीटरचं लहानसं झाडही होतं. पानं समोरासमोर, वीतभर लांब, जवळजवळ बिनदेठाची. पान खुडलं की पांढरा चीक येतो, कारण कण्हेर, सदाफुली, चाफा आणि सर्पगंधा ही सगळी याची भावकी. कडूपणामुळे गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि तोडला तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतो. म्हणूनच जिथे बाकीचं रान चरून-तोडून संपलं आहे अशा उघड्या उतारांवरही कुडा तग धरून असतो.

वैशाखापासून फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे घोस येऊ लागतात आणि पाऊस स्थिरावेपर्यंत येत राहतात. पाच पाकळ्या, किंचित पिळलेल्या, वास मंद. मेघदूतातला यक्ष आषाढात मेघाला ताज्या कुटजफुलांचं अर्घ्य देतो. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं आपल्याकडे परंपरेने मानतात; ते खरं असो वा नसो, फुलाचा हंगाम कालिदासाने बरोबर पकडला आहे. फुलं गळाली की जोडशेंगा लोंबू लागतात, वीत-दीड वीत लांब आणि पेन्सिलीहून बारीक. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या वाळून उकलतात, आणि आतून केसांचा तुरा लावलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. पोरं त्यांना म्हातारी म्हणतात. तुरा बीच्या कोणत्या टोकाला आहे हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

औषधाच्या आधी कुडा ताटात येतो. पावसाच्या तोंडावर रायगड-ठाण्याकडच्या बाजारात कातकरी आणि ठाकूर बायका त्याच्या फुलांचे आणि कोवळ्या शेंगांचे वाटे मांडून बसतात. फुलं निवडायची, उकळत्या पाण्यातून काढायची, घट्ट पिळून कडू पाणी टाकून द्यायचं. मग भरपूर कांदा, मिरची आणि शेवटी खोबरं. शेंगांचंही तसंच. कडवटपणा संपूर्ण जात नाही, आणि जाऊही नये असं खाणाऱ्यांचं मत असतं. ‘वर्षातून एकदा तरी ही भाजी पोटात जावी, पावसाळ्यात पोट बिघडत नाही,’ हे वाक्य विकणारीही सांगते आणि घेणारीही.

प्रत्यक्ष औषध म्हणजे ‘कुड्याचं पाळ’, म्हणजे त्याचं मूळ आणि मुळाची साल. वाळलेला तुकडा सहाणेवर ताकाच्या थेंबात उगाळायचा. वेढे मोजायचे, दहा की वीस हे वय पाहून ठरायचं. सहाणेवर भुरकट गंध जमलं की बोटाने निपटून वाटीभर ताकात मिसळायचं. आव पडू लागली, पोटात मुरडा आला, की कोकणातल्या घरांतून हाच पहिला उपाय व्हायचा. वेढे मोजणं ही मात्रा मोजण्याची घरगुती रीत होती. तान्ह्या मुलांच्या बाळगुटीतही काही घरांत कुडा असे. आता पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि इथे त्यांचंच ऐकावं.

शास्त्रोक्त आयुर्वेदातही कुडा जुनाच. चरकसंहितेत कुटजाची साल कफ, पित्त आणि रक्त थोपवणाऱ्या द्रव्यांत अग्रक्रमाची मानली आहे; रक्ती मूळव्याध आणि अतिसार ही तिची मुख्य कामं. गंमत म्हणजे त्याच झाडाच्या बिया चरकाने वमनाच्या, म्हणजे उलटी घडवून आणण्याच्या औषधांत घेतल्या आहेत. कल्पस्थानात त्यावर एक अख्खा अध्यायच आहे, आणि त्यात या लेखाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट येते: कुटज दोन प्रकारचा असतो. मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा, तुळतुळीत पानांचा तो पुरुष. सावळी, तांबूस फुलांची, बारीक फळांची ती स्त्री. आजचे अभ्यासक पहिल्याला पांढरा कुडा समजतात आणि दुसरीला काळ्या-तांबड्या कुड्यांपैकी एखादी जात. म्हणजे रानात एकाच नावाखाली दोन झाडं फिरताहेत, हे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं.

कुटजारिष्टाची बाटली बहुतेकांनी घरात पाहिलेली असते. कुड्याच्या मुळाच्या सालीचा काढा, त्यात मनुका, मोहाची फुलं, शिवण, गूळ, आणि हे सगळं आंबवण्यासाठी धायटीची फुलं, अशी त्याची शार्ङ्गधरापासून चालत आलेली घडण. आंबवल्यामुळे त्यात थोडं मद्य आपोआप तयार होतं आणि गोडी भरपूर असते. मधुमेही माणसाने ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून झाकणावर झाकण ओतू नये, ते यासाठी.

युरोपीय माणसाला कुडा भेटला तो गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली इकडे आला आणि मरेपर्यंत गोव्यातच राहिला. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात जुलाबांवरच्या एका स्थानिक वनस्पतीचं प्रकरण आहे, आणि लोक तिला ‘कोरू’ म्हणतात असं तो नोंदवतो. कोंकणीतला कुडो ज्याच्या कानावर आहे त्याला हे नाव ओळखायला अभ्यासकाची गरज नाही. अभ्यासकांनीही तेच ठरवलं. ओर्ताच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो मूळचा ज्यू घराण्यातला. पुस्तक मात्र लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर वाचलं गेलं.

शंभरेक वर्षांनी डच सेनापती व्हॅन ऱ्हीडने कोचीनला ‘हॉर्टस मलबारिकस’चा घाट घातला. १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. त्याचं काम करणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता, तसे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्या तिघांनी नागरी लिपीत, कोंकणीत दिलेलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलेलं आहे. त्याच खंडात ‘कोडगपाला’ या नावाने कुड्याचं चित्र आहे. इथपर्यंत सगळं ठीक होतं. झाड बघितलेली माणसं झाडाबद्दल लिहीत होती.

घोळ झाला तो कधीही भारतात न आलेल्या माणसाकडून. १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने तोवर माहीत असलेल्या वनस्पतींना दुहेरी लॅटिन नावं दिली. त्याच्यासमोर श्रीलंकेहून आलेलं एक झुडूप होतं, पांढऱ्या फुलांचं, जोडशेंगांचं. हेच ऱ्हीडचं कोडगपाला, असं समजून त्याने दोघांना एकच नाव दिलं आणि त्यात ‘अँटिडिसेंटेरिकम’, म्हणजे आमांशावरचं, असं बिरुद जोडलं. ती दोन झाडं वेगवेगळी होती. १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउनने यातली एक शाखा वेगळी काढून तिला विल्यम राइट या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून ‘राइटिया’ म्हटलं. पण नियमाप्रमाणे बिरुद श्रीलंकेच्या झुडपाकडेच राहिलं. आज ‘राइटिया अँटिडिसेंटेरिका’ हे नाव ज्या झाडाचं आहे ते बंगल्यांच्या कुंपणाला लावायचं, बारमाही पांढरं फुलणारं शोभेचं झुडूप आहे. आपला औषधी कुडा ‘होलॅऱ्हीना प्यूबेसेन्स’ नावाने ओळखला जातो; ‘होलॅऱ्हीना अँटिडिसेंटेरिका’ हे त्याचं जुनं नाव औषधांच्या लेबलांवर अजून चालू आहे. एखाद्या रोपवाटिकेत शोभेच्या झुडपावर ‘औषधी कुडा’ अशी पाटी दिसली, तर तिचा उगम १७५३ सालात आहे.

नाव चुकलं तर माल चुकतो. अठराव्या शतकात ‘कोनेसी साल’ या नावाने कुड्याची साल युरोपातल्या औषधी दुकानांत पोहोचली होती आणि डॉक्टर ती आमांशावर वापरत होते. पण इकडून जाणाऱ्या पोत्यांत काळ्या कुड्याची साल बिनदिक्कत भरली जाऊ लागली. काळा कुडा हे वाईट झाड नव्हे. त्याच्या पानांतून नीळ काढत, आणि त्याचं पांढरं, एकसारखं लाकूड कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांना लागतं. आमांशासाठी मात्र त्याच्या सालीचा उपयोग नाही म्हटलं तरी चालेल. रोग्याला गुण येईना, डॉक्टरांचा विश्वास उडाला, आणि कोनेसी साल युरोपातून हद्दपार झाली. खऱ्या झाडाची परीक्षा झालीच नाही. नापास मात्र ते झालं.

खऱ्याची खूण पटवायला रसायनशास्त्र यावं लागलं, आणि तो मान मुंबईचा. १८५८ साली मुंबईत हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून एक कडू अल्कलॉइड वेगळं काढलं. त्यालाच पुढे कोनेसिन हे नाव रूढ झालं. काही वर्षांनी इंग्लंडात स्टेनहाउस यांनी बियांतून तेच द्रव्य काढलं आणि झाड राइटिया आहे अशा समजुतीने त्याला ‘राइटीन’ म्हटलं. म्हणजे चुकीचं नाव झाडावरून रसायनावरही चढलं. मुंबईतच राहून ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सिद्ध करणारे विल्यम डिमॉक आणि त्यांचे सहकारी यांच्या काळापर्यंत, म्हणजे १८९० च्या आसपास, हा सगळा घोटाळा अभ्यासकांच्या ध्यानात आलेला होता.

आता दोन्ही साली ओळखणं अवघड राहिलं नाही. पांढऱ्या कुड्याची साल बाहेरून भुरकट, खरबरीत. वाळली की बाहेरच्या बाजूला वळते. मोडली तर काडकन, दाणेदार तुटते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात दगडासारख्या कठीण पेशींचे पट्टे दिसतात. काळ्या कुड्याची साल त्यामानाने गुळगुळीत, गडद. पण सगळ्यांत साधी परीक्षा जिभेची. पांढऱ्याचा कण चावला की कडूपणा लगेच चढतो आणि बराच वेळ उतरत नाही. काळ्याची चव बेतास बात. बियांत तर फरक नजरेनेच दिसतो: कुड्याच्या बीचा तुरा तिच्या वरच्या टोकाला, शेंगेच्या अग्राकडे, काळ्या कुड्याच्या बीचा तुरा उलट टोकाला. फुलांतही, काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखं वर्तुळ आणि बाहेर डोकावणारे परागकोश असतात. पांढऱ्याचं फूल मधे मोकळं, परागकोश नळीत दडलेले. भारतीय औषधसंहितेने सालीत अल्कलॉइडं एकूण किमान २ टक्के हवीत असा दंडक घातला, तो बनावट साल गाळण्यासाठीच. झाड आठ-बारा वर्षांचं असावं, साल पावसाळ्यात काढावी, असंही औषधशास्त्राची पुस्तकं सांगतात. वैदूंना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं.

झाड ओळखून झालं. रोग ओळखायचा राहिला होता. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरला आमांश म्हणजे आव-रक्त पडणं, एवढंच माहीत होतं. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गच्या फ्योदोर ल्योश यांना एका रोग्याच्या मळात अमीबा दिसले. १८९७ साली जपानात कियोशी शिगा यांना आमांशाच्या साथीत एक जिवाणू सापडला. म्हणजे आमांशही दोन होते. लक्षणं बरीचशी सारखी, पण एक अमीबाचा, एक जिवाणूचा, आणि एकावरचं औषध दुसऱ्यावर चालेल याची काही हमी नाही. कुड्याची अल्कलॉइडं मारक ठरतात ती मुख्यतः अमीबाला. त्यामुळे शंभर वर्षांच्या नोंदींत एक डॉक्टर कुड्याला डोक्यावर घेतो आणि दुसरा त्याला कचऱ्यात टाकतो, यात नवल नाही. दोघांचे रोगीच वेगळे होते.

हे कळल्यावर कुड्याला दुसरा जन्म मिळाला. अमीबाच्या आमांशावर तेव्हा एमेटिन होतं, ब्राझीलच्या इपिकॅक मुळातून काढलेलं. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्याची इंजेक्शनं रूढ केली. औषध जालीम, पण उलट्या होत, आणि हृदयावर ताण पडे. देशी पर्याय शोधताना कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत कुड्याकडे नीट पाहिलं. सालीतली सगळी अल्कलॉइडं एकत्र काढून, बिस्मथ आणि आयोडीनशी जोडून ‘कुर्ची बिस्मथ आयोडाइड’ हे पोटातून घ्यायचं औषध तयार झालं. जुनाट, रेंगाळलेल्या अमीबाच्या आमांशात ते बरंच वापरलं गेलं. कुडा पहिल्यांदा गोळीत गेला तो असा. बंगालीत आणि हिंदी पट्ट्यात कुड्याला कुर्ची म्हणतात, म्हणून जगाच्या औषधशास्त्रात त्याचं तेच नाव पडलं. आपल्या कुड्याला जुन्या ग्रंथांपलीकडे जगात ओळख नाही, याची मला जराशी चुटपुट आहे.

मग वाटलं, सगळ्या सालीपेक्षा शुद्ध कोनेसिनच द्यावं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. अमीबा मरत, पण रुग्णांची झोप उडे, डोकं गरगरे, काहींच्या मनावर परिणाम होऊन भ्रम होई. असं का, याचा एक धागा फार उशिरा, २००८ साली हाती आला. मेंदूत हिस्टामिनचे एच-३ नावाचे ग्राहक असतात. कोनेसिन नेमकं त्यांना अडवतं, असं संशोधकांना दिसलं. हे ग्राहक अडले की जागेपणा वाढतो. त्या रुग्णांच्या उडालेल्या झोपेचा हा पटण्याजोगा खुलासा आहे. ‘वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही’ असं म्हणणाऱ्यांनी कोनेसिनची ही हकिकत जरूर वाचावी. सालीत कोनेसिनबरोबर आणखी डझनावारी अल्कलॉइडं असतात, सहाणेवरच्या वेढ्यांत त्यांची मात्रा थोडी असते, म्हणून घरगुती वापरात असं काही सहसा ऐकू येत नाही. पण गर्भवती बाईला किंवा लहान मुलाला आपल्या मनाने कुडा देऊ नये, आणि चूर्णाचे चमचे तर मुळीच मोजू नयेत.

१९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आलं आणि अमीबाचा प्रश्न दोन-चार रुपयांच्या गोळ्यांनी सुटू लागला. कुर्चीच्या गोळ्या दुकानांतून हळूहळू दिसेनाशा झाल्या. कथा इथे संपली असती. पण एक तोतया बाकी होता, आणि तो सगळ्यांत बेमालूम.

फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ सालीच सुचवलं होतं की माणसाच्या आतड्यात सापडणारा हा अमीबा एक नसून दोन आहेत: एक आतडं पोखरतो, दुसरा निरुपद्रवी भाडेकरू. सूक्ष्मदर्शकाखाली दोघं हुबेहूब सारखे दिसत, म्हणून कुणी त्यांचं मनावर घेतलं नाही. १९९३ साली रेणवीय पुराव्यांच्या आधारे ते खरं ठरलं. रोगकारक तो ‘एन्टअमीबा हिस्टोलिटिका’, निरुपद्रवी तो ‘एन्टअमीबा डिस्पार’. आता मागे वळून त्या जुन्या चाचण्यांकडे पाहा. ‘मळात अमीबा सापडले’ म्हणून ज्यांना कुड्याचं किंवा आणखी कशाचं औषध दिलं, त्यांतल्या कितीतरी जणांच्या पोटात केवळ डिस्पार असणार. त्यांचे जुलाब दुसऱ्याच कशाने लागलेले असणार आणि आपोआप थांबलेले असणार. यशाचा आकडाही संशयित झाला आणि अपयशाचाही. एवढ्यासाठी कुड्यावरच्या जुन्या आकड्यांचा हवाला देऊन कुणी छातीठोक दावा करू लागलं की मी सावध होतो.

आज काय म्हणता येईल? प्रयोगशाळेत कुड्याच्या सालीचा अर्क जुलाब लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंना आतड्याच्या पेशींना चिकटू देत नाही, असं दिसलं आहे. प्राण्यांच्या आतड्याच्या तुकड्यांवर त्याचे दुहेरी परिणाम आढळले आहेत, आतडं सैल करणारा आणि चाळवणारा, असे दोन्ही. सालीला जुलाब बांधण्याचा आणि बियांना उलटी घडवण्याचा गुण एकाच झाडात मानणाऱ्या जुन्या वैद्यांना याचं आश्चर्य वाटलं नसतं. पण काचेच्या नळीतून माणसाच्या पोटापर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि मोठ्या, काटेकोर मानवी चाचण्या कुड्याच्या वाट्याला फारशा आलेल्या नाहीत. औषध स्वस्त, झाड मुबलक, पेटंट कुणाला मिळणार नाही. मग पैसे कोण घालणार? माझं मत विचाराल तर साध्या जुलाबात, मुरड्यात, रेंगाळलेल्या आवेत जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली कुड्याला जागा आहे. त्यापुढचे दावे, विशेषतः कडू इंद्रजव खाऊन मधुमेह घालवण्याचे, सध्या फोनवरून फिरत असतात, त्यांना आधार तोकडा आहे. इंद्रजव चघळत साखरेच्या गोळ्या बंद करणं हा शुद्ध वेडेपणा.

आणि एक गोष्ट कुडा कधीच करू शकत नाही. जुलाबात माणूस दगावतो तो बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. झाडपाल्याचं असो की कारखान्यातलं, जुलाबावरच्या कुठल्याच औषधाची बरोबरी या पाण्याशी होणार नाही. ताकात उगाळलेल्या पाळाचा थोडा गुण त्या वाटीभर ताकाचाही असेल, असं म्हटलं तर वैद्यमंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

शेवटी झाडाबद्दल. मूळ खणून काढलं की कुडा संपला, आणि खोडाची साल गोल कड्यासारखी सोलली तरी तो वाळतोच. ज्यांना ठाऊक आहे ते फांदी तोडून तिची साल घेतात. बुंधा पुन्हा फुटतो. कुडा अजून दुर्मीळ झालेला नाही, पण कोकणात काजू-आंब्याच्या कलमांसाठी डोंगर साफ करताना ‘नुसतं झुडूप’ म्हणून पहिल्या दिवशी जे जातं त्यात तो असतोच.

तेव्हा घरात जुलाब सुरू झाले तर आधी ओआरएसचं पाकीट फोडा. ताप असेल, रक्त पडत असेल, मूल मलूल झालं असेल तर सहाण बाजूला ठेवून दवाखाना गाठा. पाळ किंवा इंद्रजव आणायचेच असतील तर ‘कडू’ म्हणून मागा आणि एक कण चावून खात्री करून घ्या. आणि डोंगर तुमच्या मालकीचा असेल, तर साफ करताना बांधावरचे चार-दोन कुडे राखा. ते पाणी मागत नाहीत, राखण मागत नाहीत, आणि मृगाच्या आगेमागे भाजीपुरती फुलं देतात.